डार्विनला पोचवायचे देव

सुचित्राबाई कर्णिकांना तोंडावर वाईट म्हणेल असं माणूस ब्लॅकटाउनच्या मराठी मंडळात नव्हतं. तेवढी छाती कुणाची नव्हती. माघारी म्हणायचे, आणि बाईंना ते माहीत होतं. "म्हणू देत. माझ्या पोळ्या त्यांच्या बोलण्यावर फुगत नाहीत," असं त्या म्हणायच्या.

बाईंची अख्खी नोकरी कल्याणच्या तारघरात गेली. लोक काउंटरवर लांबलचक मजकूर घेऊन यायचे, 'आजोबांची तब्येत फारच बिघडली आहे, जमेल तसं लवकरात लवकर निघा', आणि बाई पेन्सिलीने खाडखाड काट मारून 'आजोबा गंभीर. निघा' एवढंच ठेवायच्या. तारा बंद पडल्या, बाई रिटायर झाल्या, नवरा गेला. मुलगा वरुण त्यांना सिडनीला घेऊन आला. पण जिभेची ती खोड काही गेली नाही. कमी शब्दांत माणूस कापायचं कसब बाईंच्या हातात पक्कं होतं आणि ते सगळ्यात जास्त वापरलं गेलं सुनेवर, नीरजावर.

आता गंमत बघा. दोन वर्षांपूर्वी वरुण डार्विनला गॅसच्या कंपनीत नोकरी धरून निघून गेला, बायकोपासून वेगळा झाला, आणि आईला म्हणाला, "सेटल झालो की लगेच नेतो तुला." तो काही सेटल होईना. आई राहिली ब्लॅकटाउनला, त्याच भाड्याच्या घरात, त्याच सुनेच्या हातचं जेवत. नीरजा पॅरामॅटाला बँकेत आयटीत होती. सकाळी कुकर लावून ट्रेन पकडायची, संध्याकाळी येऊन पोळ्या लाटायची. आणि बाई त्या पोळ्या खाता खाता म्हणायच्या, "तू जरा गोड बोलली असतीस तर माझा मुलगा घर सोडून गेला नसता."

घटस्फोटाचा कागद हातात आला त्या दिवशी नीरजाने फक्त एक बदल केला. इतकी वर्षं 'आई' म्हणत होती, ती 'काकू' म्हणायला लागली.

"काकू, वरण वाढू?"

बाईंना थोबाडीत बसल्यासारखं झालं. पण तोंडातून निघालं ते, "वाढ."

मग घराचा करार संपला. नीरजाने स्वतःपुरतं एक छोटं युनिट बघितलं आणि वरुणला फोन करून सांगितलं की तुझी गाडी, तुझी आई आणि तुझ्या आईचे देव, तिन्ही मी डार्विनला आणून सोडते. बाईंच्या कानाचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी इतक्यात विमान नको म्हणून बजावलेलं. वरुणला रजा नव्हती. त्याला रजा कधीच नसते.

"गाडी ट्रकवर टाकून पाठवता येते," नीरजाची मैत्रीण म्हणाली होती, "आणि म्हातारीला त्याला येऊन घेऊन जाऊ दे ना, यार."

"तो येणार नाही. आणि मला त्याचं काहीही माझ्या दारात नकोय," नीरजा म्हणाली. बाई आतल्या खोलीतून ऐकत होत्या. एक कान अजून चांगला होता.

निघायच्या दिवशी बाईंनी देव मऊ फडक्यांत गुंडाळले. चांदीचे टाक, बाळकृष्ण, शंख, घंटा, आणि अंगठ्याएवढी पितळेची अन्नपूर्णा, हातात पळी धरलेली. सगळ्यांचा स्टीलचा डबा मांडीवर घेऊन त्या पुढच्या सीटवर बसल्या. नीरजाने गाडी सुरू केली नाही. समोर बघत म्हणाली, "काकू, आत्ताच सांगते. त्यातली अन्नपूर्णा माझी आहे. माझ्या आईने लग्नात दिलेली. डार्विनला मी ती घेऊन परत येणार."

"देवांच्या वाटण्या होत नसतात," बाई म्हणाल्या.

"मी वाटणी मागत नाहीये. माझी वस्तू मागतेय."

"गाडी चालव."

आपल्याकडे मुलगी सासरी येते तेव्हा माहेरची अन्नपूर्णा बरोबर आणते आणि ती सासरच्या देवांत तांदळाच्या वाटीत बसते. ती बसली की मुलगी त्या घरची झाली. मग ती उठली की काय, हे कुणी सांगून ठेवलेलं नाही, पण बाईंना ते कुणी सांगायची गरज नव्हती. कागद काय, कोर्टाचे असतात. देवघरात नीरजाची अन्नपूर्णा आहे तोवर नीरजा कर्णिकांची. ती गेली की या परमुलखात कुकर लावून ठेवणारी ती एकुलती एक बाई आपली कुणीच नाही. हे बाई कुणाला मरेपर्यंत सांगणार नव्हत्या. त्यांनी डब्यावरची पकड घट्ट केली.

भांडण गाडीबरोबरच निघालं. साउथ ऑस्ट्रेलियाच्या हद्दीवर फळं तपासणारी चौकी आली, ताजी फळं पुढे न्यायची नाहीत म्हणून. बाईंच्या पिशवीत नैवेद्याची डझनभर केळी. नीरजाने हजारदा सांगितलं होतं की फळं घेऊ नका. "देवाचं फळ कचऱ्यात टाकू? मी?" म्हणत बाई चौकीच्या अलीकडे रस्त्याकडेला उभ्या राहिल्या, डब्यातल्या देवांना केळी दाखवली आणि एकामागून एक खायला लागल्या. पाचव्या केळ्याला त्यांना ढवळून आलं.

"खा, खा," नीरजा बॉनेटला टेकून म्हणाली. "बारा वर्षं माझं डोकं खाल्लंत, केळी काय चीज आहे."

उरलेली केळी शेवटी कचऱ्यातच गेली. पुढे पोर्ट ऑगस्टा लागलं.

तिथून उत्तरेकडे जो हायवे निघतो तो थेट डार्विनला टेकतो. मध्ये सगळं वाळवंट. लाल माती, खुरटी झुडपं, मेलेली कांगारू आणि त्यांच्यावर बसलेल्या घारी. तीन-तीन डबे जोडलेले लांबलचक ट्रक, रोड ट्रेन म्हणतात त्यांना, समोरून आले की गाडी हेलकावायची. बाई डोळे मिटून घ्यायच्या आणि नीरजा मुद्दाम स्पीड कमी करायची नाही. एका थांब्यावर बोर्ड होता. दीडशे वर्षांपूर्वी याच वाटेने खांब रोवून माणसांनी तारेची लाइन टाकली, तेव्हा कुठे या देशाची बातमी जगाला जायला लागली, असं त्यावर लिहिलेलं. बाईंनी चष्मा वर करून सगळं वाचलं. नाही म्हटलं तरी त्यांचं खातं ते.

"एवढ्या रखरखाटात तार पोचवली लोकांनी," त्या म्हणाल्या.

"हो ना. आणि तुमच्या मुलाला डार्विनहून साधा फोन करता येत नाही," नीरजा म्हणाली आणि माश्या वारत गाडीत जाऊन बसली.

कूबर पेडीला जमिनीखालच्या मोटेलात उतरल्या. खोलीला खिडकी नाही, भिंती कोरलेल्या. बाईंनी टेबलावर देव मांडले, छोट्या राइस कुकरमध्ये भात लावला, नैवेद्य दाखवला. नीरजा पलंगावर बसून बघत होती. आणि मग ती पहिल्यांदाच नीट, आवाज न चढवता बोलली.

"काकू, आई कोविडमध्ये गेली तेव्हा इथून जाता आलं नाही मला. बॉर्डर बंद होत्या. फोनवर बघितलं मी तिला नेताना. तिच्या हातची एवढी एकच वस्तू आहे माझ्याकडे. मी भांडत नाहीये. द्या मला ती."

इथे बाईंनी द्यायला हवी होती. त्यांनाही ते कळलं, आतून हललंही काहीतरी. पण घाबरलेलं माणूस शहाणपणाने वागत नाही. आज दिली तर डार्विनला ही पोरगी मागे वळूनही बघणार नाही, एवढंच त्यांच्या डोक्यात.

"बघू," त्या म्हणाल्या.

सकाळी नीरजा अंघोळीला गेली आणि बाईंनी अन्नपूर्णा उचलून तांदळाच्या डब्यात खोल खुपसली. वरून हाताने तांदूळ सारखे केले. गाडी निघाल्यावर अर्ध्या तासाने सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "अगं, आज देव पुसताना बघितलं, अन्नपूर्णा काही दिसत नाही. ब्लॅकटाउनलाच राहिली वाटतं. आवराआवरीत."

"काल रात्री टेबलावर होती."

"छे. तुला भास झाला. बाळकृष्ण असेल."

नीरजाने गाडी बाजूला घेतली. देवांचा डबा ओढून घेतला, एकेक फडकं सोडून बघितलं, बाईंची पर्स पालथी केली, सीटखाली हात घातला. काही नाही. मग पुढे फोनला रेंज आली तशी गाडी पुन्हा थांबवून घराच्या एजंटला लावला. त्याने सांगितलं की क्लीनर येऊन गेले, जे काही पडलेलं होतं ते स्किपमध्ये, म्हणजे कचऱ्याच्या पेटीत गेलं, सॉरी. नीरजा फोन ठेवून स्टीअरिंगवर डोकं टेकून हुंदके देऊन रडली. बाई खिडकीबाहेर बघत बसल्या. देवी मागच्या सीटवर तांदळात आहे, हे एक वाक्य. तारेत बसलं असतं. निघालं नाही.

तो दिवस आणि ॲलिस स्प्रिंग्जची रात्र नीरजा एक अक्षर बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ॲलिसच्या बऱ्याच पुढे एका एकाकी रोडहाउसला पेट्रोलसाठी थांबल्या. काउंटरमागे नागपूरची एक मुलगी होती, शिवांगी. व्हिसासाठी दूरच्या गावात काम करायचं म्हणून इथे दिवसभर बर्गर तळत होती. नीरजा मराठीतून फोनवर कुणाशीतरी बोलत होती ते ऐकून तिचा चेहराच उजळला. "ताई, किती दिवसांनी मराठी ऐकलं! वरण-भात खाऊन तर चार महिने झाले बघा."

बाई तेव्हा बाथरूममध्ये होत्या. आल्या, बसल्या, कानाच्या गोळीने त्यांना डुलकी लागली.

दोनेक तासांनी टेनंट क्रीकच्या अलीकडे जाग आली. तहान लागली म्हणून मागे वळून बाटली शोधायला गेल्या. मागची सीट मोकळी दिसली.

"तांदळाचा डबा कुठाय?"

"दिला."

"दिला म्हणजे?"

"रोडहाउसमधल्या त्या मराठी मुलीला. तांदूळ, डाळ, कुकर, सगळं. उद्या तुमचा मुलगा घालेल की भात तुम्हाला. माझ्या आईची वस्तू तुम्ही कचऱ्यात घालवलीत, तुमचे तांदूळ मी कशाला वाहून नेऊ?"

बाई पुन्हा समोर वळून बसल्या. बाहेर मुंग्यांची लाल वारुळं माणसाच्या उंचीची, एकामागून एक जात होती. गप्प बसलं तर काय होईल? काहीच नाही. कुणाला कळणार नाही. पोरगी डबा उघडेल, मूर्ती बघेल, आणि कुणाची म्हणून विचारणार कुणाला? नीरजाच्या लेखी ती हरवलेलीच आहे. आणि सांगितलं तर आत्ता, या इथे, ही बाई आपल्याला उतरवून निघून गेली तरी तिचं चुकलं म्हणता येणार नाही. पण देवी बर्गरच्या तेलकट खोलीत पडलेली, दिवा नाही, नैवेद्य नाही. आणि नीरजाची आई फोनच्या काचेतून गेलेली.

"नीरजा," बाई म्हणाल्या. "तांदळात आहे. मागे वळ."

नीरजाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिने असा ब्रेक मारला की देवांचा डबा बाईंच्या पोटात बसला. मागून येणारी रोड ट्रेन भोंगा वाजवत, धुरळा उडवत बाजूने गेली. नीरजा खाली उतरली, दार आपटलं, मग पुन्हा उघडून आत वाकली.

"मी रडत होते तुमच्या शेजारी! रडत होते! आणि तुम्ही बाहेरची झुडपं मोजत होतात? कसली बाई आहात तुम्ही? माणूस आहात की कोण?"

बाईंनी डबा सरळ करून मांडीवर घेतला.

"तुमच्या मुलाने मला सोडलं त्याचं मला आता काही वाटत नाही. खरं सांगते, सुटले. पण तुमच्याजवळ मी राहिले होते, काकू. मला कुणी सांगितलं नव्हतं राहायला. दोन वर्षं! त्याची ही परतफेड? मेल्या शत्रूशी कुणी असं वागत नाही."

"का केलं विचार," बाई हळूच म्हणाल्या.

"नाही विचारणार. मला ऐकायचंच नाही."

बाईंनी तरी सांगितलं. "ती गेली की तू माझी कोण?"

"कोणी नाही," नीरजा म्हणाली. "ती होती तेव्हा तरी कोण होते मी तुमची? भात लावणारी."

तिने गाडी वळवली. निघाल्यावर मागे फिरू नये, अपशकुन होतो, असं बाई आयुष्यभर सगळ्यांना सांगत आल्या होत्या. आज स्वतःच्या तोंडाने 'मागे वळ' म्हणाल्या. तीच वारुळं उलटी जायला लागली. पूर्ण रस्ताभर बाई मनातल्या मनात देवीला एकच विनवत होत्या की तिथेच राहा, कुठे जाऊ नकोस.

ऊन कलताना रोडहाउस आलं. आत शिरल्या तर तळणाच्या वासातून वरणाच्या फोडणीचा वास येत होता. काउंटरच्या मागे, चहाच्या कपांच्या फळीवर, एका स्वच्छ बशीत तांदळाची रास, त्यावर अन्नपूर्णा, आणि पुढे घासभर गरम भात. शिवांगी एप्रनला हात पुसत बाहेर आली.

"मी म्हणतच होते, ही चुकून आली असणार. कुकरला लावायला तांदूळ घेतले तर हाताला लागली. आधी हिला भात दाखवला, मग मी जेवले." तिने मूर्ती ओंजळीत उचलली. "कोणाची हो?"

दोन हात एकदमच पुढे आले. एक सुरकुतलेला, एक नाही. शिवांगी गोंधळून दोघींकडे बघत राहिली.

बाईंनी आपला हात मागे घेतला. "तिची आहे," त्या म्हणाल्या. "तिच्या आईने दिलेली."

नीरजाने मूर्ती घेतली, रुमालात गुंडाळली आणि आपल्या पर्समध्ये टाकून चेन ओढली. बाईंकडे तिने बघितलंही नाही. संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात, पुढे जाणं धोक्याचं, म्हणून तिथल्याच पत्र्याच्या खोलीत मुक्काम केला. शिवांगीने दोघींना वरण-भात वाढला आणि एकटीच बडबडत राहिली. निघताना अर्धे तांदूळ तिने डब्यात परत भरून दिले. "म्हाताऱ्या माणसाने नवीन घरी रिकाम्या डब्याने जाऊ नये," म्हणाली. तिला काय ठाऊक, बिचारीला.

डार्विन आलं ते घामाने चिकट. वरुणचं घर बंद. मेसेज होता की शिफ्ट बदलली, किल्ली दाराशेजारच्या लॉकबॉक्समध्ये आहे, आईला सांग फ्रिजमधलं काहीही घे. नीरजाने आत जाऊन फ्रिज उघडला. बिअरचे कॅन, सॉसची बाटली आणि पिझ्झ्याचा खोका. तिने फ्रिज बंद केला. बॅगा आत आणल्या, बाईंच्या गोळ्या टेबलावर मांडल्या, गॅस कसा पेटवायचा ते दाखवलं, गाडीची किल्ली हुकाला अडकवली आणि एअरपोर्टसाठी टॅक्सी बोलावली.

बाईंनी तोवर एका कपाटाचा कप्पा पुसून देव मांडले होते. टाक, बाळकृष्ण, शंख, घंटा. अन्नपूर्णेची चांदीची वाटी तेवढी रिकामी. टॅक्सी आल्याचं कळलं तशा त्या ताटलीत तांदूळ घेऊन पुढे आल्या.

"थांब. ओटी भरते."

"मी सवाष्ण राहिलेली नाही, काकू."

"मी तरी कुठे आहे? लेकीला विचारत नसतात."

"लेक म्हणू नका," नीरजा म्हणाली. "बारा वर्षांत एकदा म्हणाला असतात तर. आता नका म्हणू."

पण तिने टी-शर्टचा घोळ पुढे धरला. बाईंनी पाच ओंजळी तांदूळ घातले. नारळ नव्हता, बांगडी नव्हती, कुंकवाची डबी कुठल्या बॅगेत होती कोण जाणे. ओटी भरली की त्यातले चार दाणे परत ताटलीत टाकायचे, म्हणजे बाई पुन्हा घरी येते, ही कर्णिकांकडची पद्धत. ब्लॅकटाउनला दर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नीरजा ते विसरायची आणि बाई चारचौघींत म्हणायच्या, "एवढंही शिकवलं नाही का गं तुझ्या आईने?"

आज बाईंची जीभ हलली नाही.

नीरजाने बॅगेतली ओढणी काढून तांदूळ तिच्यात बांधले, बॅग उचलली, दार उघडलं. टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. ती दोन पावलं परत आली, गाठ सोडली, आणि चिमटीने चार दाणे ताटलीत टाकले.

"पद्धत म्हणून टाकते," ती म्हणाली. "येणार नाही मी."

टॅक्सी गेली. बाईंनी दार लावलं. ताटलीतले चार दाणे वेचून त्यांनी रिकाम्या वाटीत ठेवले, आणि वाटी देवांत, तिच्या जागेवर ठेवून दिली. मग त्या स्वयंपाकघरात गेल्या. कुकर त्या मुलीकडेच राहिला होता. एक पातेलं शोधून त्यांनी एकटीपुरता भात लावला.